एक मजला खाली

परिचारिकेच्या नोकरीत बाई थोडी मुरली की ‘आता पुढं काय?’ हा प्रश्न चहूकडून यायला लागतो. माहेरी गेलं की वडील विचारतात. बरोबर शिकलेल्या मैत्रिणी लग्नकार्यात भेटल्या की विचारतात. सर्व्हिस बुकात नोंद करताना कार्यालयातले लिपिकही विचारतात. रात्रपाळीत कक्ष जरा निवांत झाला की आम्ही एकमेकींनाही तेच विचारत बसतो. कुणी पोस्ट बेसिकचा अर्ज भरलेला असतो, कुणी जर्मनच्या क्लासला जात असते, कुणाची पदोन्नतीची फाइल कुठल्या तरी टेबलावर थांबलेली असते. या प्रश्नानं मी कधी वैतागले नाही. आमच्या घरात आजीच्या पिढीतल्या मुलींना चौथीनंतर शाळा माहीत नव्हती. त्याच घरातली बाई आपल्या कामाची पुढची वाट स्वतः निवडते, हे माझ्या लेखी फार मोठं आहे. पण पुढं जायचं म्हणजे रुग्णापासून किती लांब जायचं, याचा हिशोब कुणी मांडत नाही. तो मी गेले कित्येक महिने मनाशी मांडते आहे.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात, नवजात शिशूंच्या विशेष कक्षात अधिपरिचारिका आहे. सगळे त्याला ‘एसएनसीयू’च म्हणतात. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ आमच्याकडं येतं. जन्मल्यावर न रडलेलं, पिवळं पडलेलं, अंग गार पडलेलं बाळही येतं. आत आलं की आधी ऊब जाणवते, मग कावीळ उतरवणाऱ्या दिव्यांचा निळा उजेड डोळ्यांवर येतो, मग मॉनिटरचे आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. नव्या मुलीला सगळे आवाज सारखेच वाटतात. काही वर्षांनी पाठमोरं उभं असतानाही कळतं की हा सैल झालेल्या तारेचा आवाज आहे, आणि हा खरा.

अपुऱ्या दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं. तळपायाला बोटानं हलकी टिचकी मारली, पाठीवरून बोट फिरवलं, की त्याला आठवण होते आणि छाती पुन्हा हलू लागते. रात्री तीन-चारच्या सुमाराला हे फार होतं, निदान मला तरी तसं वाटतं. माझ्या नोकरीचा मोठा भाग असा लोकांना श्वास घ्यायची आठवण करून देण्यात गेला आहे. त्या बाळांतली कित्येक आता शाळेत जात असतील. त्यांना माझं नाव माहीत नाही, आणि ते माहीत असायचं काही कारणही नाही.

हातांना जे कळतं ते कागदावर उतरवणं अवघड असतं. एखाद्या सकाळी ओव्हर घेताना वजन बरं, तापमान बरं, ऑक्सिजनही बरा असतो, तरी दुपटं बाजूला करताच मनात येतं, आज हे बाळ नीट नाही. कातडीवर किंचित डाग उमटलेले असतात, दूध ओढताना ओठ सैल पडतात, उचललं की हाताला नेहमीचा प्रतिकार जाणवत नाही. डॉक्टरांना सांगितलं की ते रक्त तपासायला पाठवतात, आणि पुष्कळदा जंतुसंसर्ग निघतो. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिकेनं १९८४ साली ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक लिहिलं. नवशिकी परिचारिका नियमांच्या आधारानं चालते आणि मुरलेली सगळी परिस्थिती एका नजरेत ओळखते, हा प्रवास बेनर यांनी पाच टप्प्यांत मांडला. हे शहाणपण रुग्णाच्या उशाशीच घडतं, म्हणून तिथंच थांबणाऱ्या परिचारिकेचा मान आणि पगार वाढला पाहिजे, असं पुढं अनेक देशांतल्या रुग्णालयांना पटलं. आपल्याकडं अजून ते पुरतं पटलेलं नाही.

आपली शिडी वेगळी आहे. अधिपरिचारिकेची परिसेविका होते, परिसेविकेची सहाय्यक अधिसेविका, आणि सेवा उरली तर अधिसेविका. पदवी घेतली तर पाठ्यनिर्देशिका होता येतं. प्रत्येक पायरीवर रुग्ण थोडा दूर जातो आणि नोंदवह्या थोड्या जवळ येतात. परिसेविकेच्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. औषधांचे इंडेंट, कपड्यांचा हिशोब, कुणाच्या मुलाची परीक्षा आणि कुणाच्या सासूचं ऑपरेशन सांभाळून लावलेली ड्यूटी, यांवर अख्खा कक्ष उभा असतो. चांगल्या परिसेविका असलेल्या कक्षात बाळं कमी दगावतात असं मला अनुभवानं वाटतं. आमच्या मेट्रन बाई अजूनही राउंडला आल्या की एखाद्या बाळाच्या कपाळाला हात लावून बघतात. तो हात किती वेळ तिथं राहतो, ते मी पाहिलं आहे. त्यांना खुर्ची हवीच होती. पण खुर्चीसाठी ते कपाळ सोडावं लागलं, आणि ही अट कुणीतरी फार पूर्वी घालून ठेवलेली आहे.

माझी सर्वांत जवळची मैत्रीण जर्मनीला गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानं बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि आमच्याकडं त्याची एकदम चर्चा सुरू झाली. ती मात्र त्याच्या आधीपासून अभ्यासाला लागली होती. भाषेची बी-२ पातळी गाठायची, मग आपलं शिक्षण तिथं मान्य करून घ्यायला एक तर परीक्षा द्यायची, नाही तर काही महिने देखरेखीखाली काम करायचं. ड्यूटी संपली की ती एसटी स्टँडवर उभ्या उभ्या शब्द पाठ करायची. आता ती वृद्धांच्या कक्षात काम करते. भावाचं कर्ज तिनं फेडलं, आईचे दोन्ही डोळे करून घेतले. बाहेर जाणाऱ्या मुलींना देश सोडल्याचे बोल लावणारे लोक मला आवडत नाहीत. तीन-तीन मुलींचं काम एकीवर टाकायचं, कंत्राटावर वर्षानुवर्षं लटकत ठेवायचं, आणि ती उठून गेली की सेवाभावाची आठवण करून द्यायची, हे बरोबर नाही. मैत्रीण मलाही बोलावते. फोनवर म्हणते, “अगं, इथं एका पाळीत माझ्याकडं किती पेशंट असतात ऐकलंस तर तुला रडू येईल.” मला खरंच रडू आलं होतं.

गावाकडच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होण्याचाही विचार झाला. एम.एस्सी. करून शिकवायला जावं, असंही नवरा सुचवत होता. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण त्यांच्यासाठी माझी पावलं उचलली गेली नाहीत.

दिशा मिळाली ती बाळांच्या केस पेपरमधून. नवजात कक्षात आलेल्या प्रत्येक बाळाच्या फायलीत पहिल्या पानावर त्याच्या जन्माच्या चार-पाच ओळी असतात. किती वाजता जन्मलं, रडलं की नाही, पाणी कसं होतं, आईला किती वेळ कळा होत्या, इंजेक्शन कोणतं दिलं. पूर्वी मी त्या ओळी वाचून पान उलटायचे, कारण समोरच्या जिवाला ऊब हवी असायची. हळूहळू त्या ओळींपाशी थांबायला लागले. बाळ ३५ अंशांवर गार पडून आलेलं असतं. जन्मल्याबरोबर पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं असतं आणि दोघांवर एक चादर टाकली असती, तर बहुतेक वेळा ते गार पडलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळाला तातडीनं श्वास द्यावा लागत नसेल तर नाळ निदान एक मिनिट बांधू नये, कारण तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडं जातं. घाईच्या प्रसूती कक्षात ते मिनिट कुणाकडं नसतं. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाईला वेळेवर स्टेरॉइडची सुई मिळाली, तर बाळाची फुप्फुसं बऱ्यापैकी तयार होतात. ती सुई राहून गेलेली बाळं माझ्या हाताखाली छातीचे खड्डे करून श्वास ओढत असतात.

मी वरच्या मजल्यावर आहे. ही सगळी बाळं खालच्या मजल्यावरून, किंवा तालुक्याच्या एखाद्या टेबलावरून, काही तास उशिरा माझ्याकडं पोचतात. आपण त्यांना आणखी थोडं आधी भेटायला हवं, हे मला एका ऊसतोडीच्या हंगामात फार तीव्रतेनं वाटलं. आमच्या पट्ट्यातल्या टोळ्या दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढणारी बाई सातव्या-आठव्या महिन्यातही चढत असते. ती परत येते तेव्हा पोटातलं लेकरू लहान असतं आणि तपासणीचं कार्ड कोरं असतं. सासू काचेबाहेर उभी राहून विचारते, “माय, लेकरू कसंय?” तिला उत्तर देता देता माझ्या मनात यायचं की त्या कोऱ्या कार्डाच्या महिन्यांत या बाईला कुणीतरी भेटायला हवं होतं.

माझी सुरुवातीची वर्षं एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात गेली. पोटावर तळहात ठेवून कळ ओळखायला तिथं शिकले. हलकी कळ असली की पोट नाकाच्या शेंड्याइतपत कठीण लागतं, मध्यम असली की हनुवटीसारखं, आणि जोराची आली की कपाळासारखं. घड्याळ बघत, बोलत, पाणी पाजत तो तळहात तासन्‌तास तिथंच ठेवायचा असतो. एका रात्री वीज गेलेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागलेला, आणि एक पहिलटकरीण टेबलावर चढायलाच तयार नव्हती. खिडकीचे गज धरून ती उभी राहिली. कळ आली की गुडघ्यात वाकायची, गेली की गजांवर कपाळ टेकायची. मी तिच्या कमरेवर मुठीनं दाब देत मागं उभी राहिले. दोघी काही बोलत नव्हतो. तिचा श्वास आणि माझा श्वास कधी एका लयीत आले ते कळलं नाही. बाळाचे ठोके मी दर थोड्या वेळानं फिटोस्कोप लावून ऐकत होते आणि ते छान होते. बाळ अंधारात, बॅटरीच्या उजेडात आलं, आणि खणखणीत रडलं. बाईला टाका पडला नाही. उभं राहून, चालत, बसून कळा देता येतात, सोबतीला आपलं माणूस असलं की भीती कमी होते, हे पुढं मी मार्गदर्शक सूचनांत वाचलं. त्या पहिलटकरणीनं मला ते आधीच शिकवलं होतं.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या माझ्या नोंदणीत दोन गोष्टी आहेत: मी परिचारिका आहे आणि प्रसाविकाही आहे. जीएनएम झालेल्या प्रत्येकीच्या नोंदणीत त्या असतात. पहिलीवर माझी नोकरी चालली आहे, दुसरी इतकी वर्षं कपाटात पडून आहे. जिथं प्रसाविकांचा स्वतंत्र व्यवसाय रुजला आहे, तिथं सुरळीत बाळंतपण त्याच करतात आणि अडचण दिसली की डॉक्टरांना हाक मारतात. आपल्याकडं सुईण मागं पडली आणि तिची जागा घेणारी शिकलेली प्रसाविका उभीच राहिली नाही. केंद्र सरकारनं २०१८ च्या डिसेंबरमध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवला. एक वर्ष शिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष सरावाचे. २०२३ च्या कायद्यानं जो राष्ट्रीय आयोग नेमायचं ठरवलं त्याच्या नावातच परिचर्येबरोबर मिडवायफरी आली. इतक्या वर्षांनी या कामाला स्वतःच्या नावानं ओळखलं गेलं, हे वाचून मला त्या दिवशी खूप बरं वाटलं.

दर १२ मे रोजी आम्ही हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घालतो. त्यांची एक गोष्ट मात्र त्या दिवशीच्या भाषणात येत नाही. १८६० च्या दशकात त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींना शिकवणारा एक कक्ष चालत होता. तिथं बाळंतिणींना सूतिकाज्वर होऊ लागला, आया दगावल्या, आणि तो बंद करावा लागला. नाइटिंगेल यांनी मग ठिकठिकाणचे बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. निरोगी बाई मूल जन्माला घालायला येते आणि मरून जाते, हे त्यांना सहन होत नव्हतं. दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईपेक्षा मृत्यूंची यादी समोर घेऊन बसलेली ही बाई मला जास्त जवळची वाटते.

बाळंतपणं रुग्णालयात आली, हे आपण मोठं काम केलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागं ३३ माता दगावल्या, देशात ९७. या आकड्यांमागं आशाताईंचे आणि उपकेंद्रांतल्या नर्सबाईंचे पाय झिजलेले आहेत. पण त्याच सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची होती. सिझरनं कित्येक आया आणि बाळं वाचतात, ती माझ्याच कक्षात येतात, मी त्यांना पाहते. तरीही जवळजवळ निम्म्या बायकांना सुरीची गरज असते, हे मला पटत नाही. पुष्कळींना शेजारी तासन्‌तास थांबणारं, कळांना न घाबरणारं आणि धोका ओळखणारं माणूस हवं असतं.

मिडवायफरीचा तो अभ्यासक्रम करायचा ठरवला तेव्हा घरी पहिला प्रश्न पगाराचा आला. या अभ्यासक्रमानं माझा हुद्दा लगेच बदलणार नाही, परिसेविकेच्या यादीत मात्र मी मागं पडू शकते. सासूबाई म्हणाल्या, “इतकी वर्षं करून पुन्हा बाळंतपणंच करायची?” त्यांच्या आवाजात माझी काळजी होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या मुलींना, विधवांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धाडलं, तेव्हाही घराघरांत असेच प्रश्न विचारले गेले असणार. परक्या बाईचं रक्त, घाण, विटाळ. आज माझ्या पगारावर घर चालतं, पण बाळंतपणाच्या कामाला चिकटलेला तो जुना कमीपणा पुरता गेलेला नाही. मुलगा दहावीला आहे. त्याची परीक्षा होईपर्यंत थांबायचं ठरलं. सासूबाईंनी दोन दिवसांनी आपणहून विचारलं, “शिकायला जाशील तिथं राहायची सोय असते ना गं?” त्यातच त्यांचा होकार होता.

वाट बदलू बघणाऱ्या माझ्या बहिणींना आणि ब्रदरना एवढंच सांगावंसं वाटतं की अर्ज भरण्याआधी आपली स्वतःची ड्यूटी आठवडाभर नीट न्याहाळा. कोणत्या कामात घड्याळ बघायचं राहून जातं ते पाहा. कुणाला ते शिकवताना सापडेल, कुणाला आयसीयूत, कुणाला रजिस्टरच्या चोख हिशोबात, कुणाला परक्या देशातल्या म्हाताऱ्याचे केस विंचरताना. जिथं ते सापडेल तिकडची वाट धरा. मग ज्या कामाकडं जायचं आहे तिथं सुट्टीच्या दिवशी चार तास उभं राहून या. मी आमच्याच खालच्या कक्षात तशी जाऊन आले, परवानगी घेऊन. शिक्षणाची रजा मिळते का, सेवाखंड होतो का, बंधपत्र किती वर्षांचं, पगार कुणाकडून निघणार, हे कागदावर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर घर सोडू नका.

आणि एक मागणं शासनाकडं आहे. शिकून आलेल्या परिचारिकेला भलत्याच कक्षात टाकायची आपल्याकडं सवय आहे. हृदयरोगाचं प्रशिक्षण घेतलेली बाई नेत्र विभागात बसलेली मी पाहिली आहे. मिडवायफरी शिकलेल्यांसाठी वेगळं पद, वेगळी पगारश्रेणी आणि बाळंतिणीच्या उशाशी राहूनच वर चढता येईल अशी पायरी हवी. तोवर निदान बदलीच्या नियमांतून त्यांना वगळावं.

माझा अर्ज मेट्रन बाईंच्या सहीनं पुढं गेला आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर मला कायम प्रसूती कक्षातच नेमणूक द्यावी, एवढी एकच विनंती मी त्याच्या शेवटी लिहिली आहे.